एका घरात तीन प्रकृती, स्वयंपाक एकच: बसवायचं कसं?

खलबत्ता

जेवणारी माणसं तीन. आयुर्वेदातल्या प्रकृतीच्या, म्हणजे शरीराच्या मूळ घडणीच्या, प्रश्नावलीप्रमाणे एक वात-पित्त, एक पित्त, एक कफ-वात. सोबत मिळालेल्या 'खा / खाऊ नका' याद्या शेजारीशेजारी ठेवल्या की पंचाईत होते. वाताच्या यादीतून हरभरा, वाटाणा, वाल, कोबी, कच्ची कोशिंबीर बाद. पित्ताच्या यादीतून दही, चिंच, टोमॅटो, लसूण, मोहरी बाद. कफाच्या यादीतून तूप, दूध, नवा तांदूळ, गहू, केळं बाद. तिन्ही चाळण्यांतून खाली पडतं ते मूगडाळ, पडवळ आणि दुधी. रोज तेच वाढलं तर तिघंही पानावरून उठून जातील.

तीन वेगळे स्वयंपाक शक्य नाहीत. म्हणून नेमकं विचारायचंय:

१) प्रश्नावलीचा निकाल कितपत धरून चालायचं? एकाच माणसाचा निकाल पावसाळ्यात 'वात' आणि उन्हाळ्यात 'पित्त' आला आहे.
२) वरण एक, भाजी एक ठेवून फरक कुठे करायचा? चमच्या-वाटीच्या मापात सांगितलंत तर बरं.
३) दही तिघांनाही नको, पण ताक चालेल म्हणतात. पाणी घालून घुसळल्याने गुण एवढे पालटतात?
४) कुकरचा भात कफाला खरंच बाधतो का?

'वैद्यांना भेटा' हे उत्तर ठाऊक आहे. प्रश्न स्वयंपाकघरापुरता आहे.

---

शेवगा

पहिल्या प्रश्नात बाकीच्यांचं निम्मं उत्तर आहे, म्हणून तिथूनच.

प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि जन्मभर तीच राहते, असं शास्त्र मानतं. मग ती पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरी निघत असेल, तर मोजलं गेलं ते काहीतरी वेगळंच. बहुतेक प्रश्नावल्यांत दोन जातींचे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. हाडापेराची ठेवण, केसांचा आणि त्वचेचा पोत, बोलण्या-चालण्याचा वेग, ऊन किंवा थंडी सोसायची ताकद, लक्षात राहायची आणि विसरायची तऱ्हा हे प्रश्न प्रकृतीचे. पोट साफ होतं का, वायू धरतो का, छातीत जळजळतं का, झोप मोडते का हे आजच्या बिघाडाचे, म्हणजे विकृतीचे. पावसाळ्यात वात वाढलेलाच असतो. त्या दिवसांत भरलेल्या कागदावर दुसऱ्या जातीचे प्रश्न वाताच्याच पारड्यात पडणार.

उपाय सोपा आहे. तीच प्रश्नावली घ्या, दुसऱ्या जातीच्या प्रश्नांवर काट मारा आणि उरलेल्यांची उत्तरं 'विशी-पंचविशीत, धडधाकट असताना कसं होतं' हे आठवून द्या. आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणाकडून तीच उत्तरं तपासून घ्या. स्वतःच्या स्वभावाबद्दलची उत्तरं माणूस हमखास सोयीची देतो.

काट मारलेले प्रश्न टाकून मात्र देऊ नका. रोजच्या ताटाला तेच जास्त उपयोगी. कफ प्रकृतीच्या माणसाला आठवडाभर वायू धरला असेल, तर त्या आठवड्यात ताट वाताचं. चरकाने, म्हणजे आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथकाराने, रोगी तपासायला दहा गोष्टी सांगितल्या आहेत. प्रकृती त्यातली एक. विकृती, सात्म्य (काय अंगवळणी पडलंय), आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय या बाकीच्यांतल्या काही. फक्त पहिल्या खणावर ताट बेतायचं म्हणजे नऊ खण रिकामे सोडायचे.

आणखी एक गंमत. चरकाच्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागात पहिल्याच अध्यायात आहाराच्या आठ कसोट्या आहेत आणि त्यांतली पहिली 'प्रकृती' आहे. बरेच जण ती माणसाची समजतात. ती अन्नाची आहे: उडीद स्वभावतः जड, मूग स्वभावतः हलके. पुढच्या कसोट्या म्हणजे करण (शिजवणं, घुसळणं, भिजवणं यांनी गुण बदलणं), संयोग, राशी म्हणजे मात्रा, देश, काल, जेवायचे नियम. जेवणारा माणूस येतो तो आठव्या, शेवटच्या क्रमांकावर. 'कोबी वाताला वाईट' असं म्हणणारी यादी पहिल्या कसोटीवरच थांबलेली असते. कोबी कच्चा की तेल-हिंगात वाफवलेला, वाटीभर की दोन चमचे, दुपारी की रात्री, हे ती विचारतच नाही.

दोषाच्या (वात, पित्त, कफ यांच्या) आधी अग्नी, म्हणजे पचनाची ताकद, पाहायचा. तो चार प्रकारचा:

विषम: एक दिवस कडकडून भूक, दुसऱ्या दिवशी नाव नाही. वातवाल्यांत जास्त. याला पदार्थापेक्षा जेवणाच्या ठरलेल्या वेळेने जास्त फरक पडतो. वेळ अर्ध्या तासापेक्षा हलू देऊ नका.
तीक्ष्ण: जेवण तासभर लांबलं की डोकं चढतं, आंबट ढेकर येतात. पित्ताचा. उपास, 'आज फक्त कॉफी' वगैरे याला सगळ्यात महाग.
मंद: थोडं खाल्लं तरी जड, सकाळी भूकच नसते. कफाचा. भूक नसताना नाश्ता करायची सक्ती याच्यावर करू नका.
सम: वेळेवर भूक, वेळेवर पचन. याने याद्या वाचूच नयेत.

आधीचं जेवण पचलं की नाही हे ओळखायची लक्षणं ठरलेली आहेत: ढेकर स्वच्छ, म्हणजे जेवणाच्या वासाचा नाही, अंग हलकं, उत्साह, मल-मूत्र वेळेवर, भूक आणि तहान दोन्ही लागलेली. ही नसताना पुन्हा जेवणं म्हणजे अध्यशन. तिघांपैकी कुणाचाही त्रास कमी करायचा असेल तर कोबी-वांग्याच्या आधी हे थांबवा.

---

अडकित्ता

दुसऱ्या प्रश्नाचं माप देतो. सूत्र एकच: पातेल्यात काही बदलायचं नाही, फोडणीच्या पळीत आणि ताटात बदलायचं.

तिघांचं वरण: मूगडाळ १०० ग्रॅम, पाणी साधारण ४०० मिली, हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर. मऊ शिजवून घोटा, मीठ पाऊण चमचा. इथपर्यंत सगळ्यांचं एकच. मग तीन वाट्यांत काढा आणि पळी तीनदा तापवा. पाच मिनिटांचं काम आहे.

वात-पित्त: तूप २ चमचे, जिरं अर्धा चमचा, हिंग, आल्याचा कीस पाव चमचा. वाढताना लिंबू चार थेंब, जास्त नाही. पित्तही सोबत आहे.
पित्त: तूप १ चमचा, जिरं, गॅस बंद केल्यावर धणेपूड अर्धा चमचा, वर कोथिंबीर भरपूर. मोहरी, मिरची, लसूण नाही.
कफ-वात: तूप किंवा तेल अर्धा चमचा, मोहरी, ठेचलेल्या लसणाच्या २ पाकळ्या, ३-४ मिरीदाणे भरडून.

चमचा म्हणजे ५ मिलीचा, भाजी वाढायचा नव्हे. 'तूप चमचाभर' म्हणून पळीभर ओतलं की कफवाल्याचं गणित तिथेच बिघडतं.

चुकतं कुठे, तर पळी लहान असते आणि चटकन तापते. क्रम असा: आधी मोहरी-जिरं, ते तडतडल्यावर लसूण, हिंग सगळ्यात शेवटी आणि लगेच वरणात. हिंग आधी टाकलं तर जळून कडू होतं. धणेपूड, हळद पेटत्या आचेवर तुपात टाकू नका, काळी पडते. तिन्ही फोडण्या ओळीने करायच्या तर पित्ताची पहिली, कफाची शेवटची. उलट केलं तर लसूण-मिरीचा वास पित्ताच्या वाटीत उतरतो.

भाजीचंही तसंच. दुधी, पडवळ, घोसाळी, लाल भोपळा, भेंडी अशी तिघांना चालणारी भाजी आठवड्यातून चार-पाच दिवस. उरलेल्या दिवशी वादाची भाजी खुशाल करा. फक्त ज्याला बाधते त्याच्या ताटात ती मुख्य नको, दोन चमचे तोंडी लावायला. वांगं, कोबी, फ्लॉवर वातवाल्याला वाढायचं तर भाजी ओलसर ठेवा, तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त घाला आणि हिंग विसरू नका. तीच भाजी कफवाल्यासाठी कढईच्या तळाशी थोडी कोरडी परतून काढा.

कोशिंबीर: काकडी किंवा गाजर किसा. पित्तवाल्याला तशीच, दुपारी, वर थोडं ओलं खोबरं. वातवाल्याला त्यावर गरम तूप-जिऱ्याची फोडणी ओतून दोन मिनिटं झाका, कच्चेपणा मोडतो. कफवाल्याला वर मिरपूड, खोबरं नाही.

पोळी-भाकरी: ज्वारी रूक्ष आहे, म्हणून वातवाल्याच्या भाकरीवर गरम असतानाच तूप. कफवाल्याला कोरडी. पित्तवाल्याला बाजरीपेक्षा ज्वारी, बाजरी उष्ण.

उसळीचा बाऊ करू नका. कडधान्यात काही साखरा अशा असतात की त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. १० ते १२ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा, ताज्या पाण्यात पार मऊ होईस्तोवर शिजवा. यातल्या प्रत्येक पायरीला त्या साखरा कमी होतात. 'जीवनसत्त्वं जातील' म्हणून भिजवणाचं पाणी वापरणारे मग वाताच्या नावाने बोटं मोडतात. दाणा चिमटीत धरून कणी लागली तर ती उसळ वातवाल्याला वाढू नका. मूग आणि मटकी आधी. हरभरा, पावटा, वाल शेवटी आणि दुपारीच.

---

कांडण

भाताचं मी सांगते. चरकाने भात हलका कधी होतो ते स्पष्ट लिहिलंय: नीट धुतलेला, पेज काढून टाकलेला, पुरता शिजलेला आणि गरम. तांदूळ भाजून घेतला तर कफासाठी आणखी बरा. कुकर वाईट नाही. कुकरमध्ये या चारपैकी पेज काढणं होत नाही, एवढंच.

वेळलेला, म्हणजे पेज निथळून काढलेला, भात: तांदूळ किमान वर्षभर जुना. कोरड्या कढईत मंद आचेवर ३-४ मिनिटं, दाणा पांढरा-अपारदर्शक होईपर्यंत भाजा. तांबूस करायचा नाही. तीन पाणी धुवा. तांदळाच्या ६ ते ८ पट पाणी उकळून त्यात टाका, झाकण नको. १२-१४ मिनिटांत शीत चिमटीत दाबलं की मऊ लागतं पण फुटत नाही, तेव्हा वेळा. पातेलं पुन्हा अगदी बारीक आचेवर ५ मिनिटं झाकून ठेवा, उरलेली वाफ आत मुरते. ही शेवटची पायरी चुकवली तर भात चिकट आणि पाणचट राहतो, मग लोक म्हणतात वेळलेला भात चांगला लागत नाही.

निघालेली पेज फेकू नका. ती वातवाल्याची. वाटीभर, गरम, सैंधव आणि अर्धा चमचा तूप.

आजारातून उठलेल्याला भात देताना पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराप्रमाणे विलेपी चौपट पाण्यात आणि पेया चौदापट पाण्यात. आपण जिला 'मऊ भात' म्हणतो ती विलेपी. पहिल्या दिवशी थेट मऊ भात देण्याऐवजी आधी पेया, भूक वाढली की विलेपी, असा क्रम.

नव्या तांदळाचा भात मात्र कफाला खरंच जड. तो चिकट असतो, गिळला जातो, चावला जात नाही, आणि हमखास जास्त खाल्ला जातो.

---

खलबत्ता

तिघांचेही आभार. तीन पळ्यांची युक्ती आधी सुचायला हवी होती. ताकाचं राहिलंच. मिक्सरमध्ये दही-पाणी फिरवून करतात तेच ताक ना? आणि कढी कुणाला?

---

घुसळखांब

नाही, ते ताक नाही. पातळ केलेलं दही आहे.

ताक म्हणजे घुसळून लोणी वेगळं काढलेलं. दही जड, उष्ण, कफ आणि सूज वाढवणारं. तेच घुसळून स्नेह (लोण्याचा अंश) काढला, पाणी घातलं की हलकं, अग्नी वाढवणारं, कफ-वात कमी करणारं होतं. शेवगांनी वर 'करण' म्हणून जी कसोटी सांगितली तिचं याहून सोपं उदाहरण नाही. मिक्सरमध्ये लोणी न काढता फिरवलंत तर सगळा स्नेह आतच राहतो. ते कफवाल्याला ताक म्हणून दिलं की सर्दीचं खापर ताकावर फुटतं.

पाणी किती यावर ग्रंथांतच एकमत नाही. सुश्रुत निम्मं पाणी म्हणतो. भावप्रकाशात चौथाई पाण्याचं ते तक्र, निम्म्या पाण्याचं उदश्वित्, पाण्याशिवाय साय राखून घुसळलेलं घोल, साय काढून पाण्याशिवाय घुसळलेलं मथित. तेव्हा त्यावरून भांडू नका. रोजच्या वापराला २०० ग्रॅम दह्याला १०० मिली पाणी धरा.

सुरुवात दह्यापासून. दूध उकळून कोमट करा, ४० ते ४५ अंशांवर विरजण लावा. बोट बुडवून सहज दहा आकडे मोजता आले पाहिजेत. त्याहून गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर दही अर्धवट लागतं. अर्धवट लागलेल्या दह्याला मंदक म्हणतात आणि ते तिन्ही दोष वाढवणारं सांगितलंय. थंडीत घाईघाईने सकाळी फोडलेलं, खाली दुधासारखं आणि वर जेलीसारखं दही ते हेच. ते कुणालाच देऊ नका, आणखी दोन-तीन तास उबेला ठेवा.

घुसळताना आधी दही पाण्याशिवाय रवीने मोडा, मग गार पाणी थोडं थोडं घाला. लोणी कणीदार होऊन वर येतं. पाणी कोमट असेल तर लोणी पातळ राहून ताकात मिसळतं आणि निघत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर पात्याचा वेग कमी, अर्धा मिनिट चालू, थोडं थांबा, पुन्हा अर्धा मिनिट. शेवटी बर्फाचे दोन खडे. सलग फिरवलं तर उष्णतेने लोणी जमत नाही. साय काढलेल्या दुधाचं दही असेल तर लोण्याचा प्रश्नच नाही.

आता तीन पेले:

वात: किंचित आंबट ताक, सैंधव चिमूटभर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग.
पित्त: ताज्या, गोड दह्याचं, खडीसाखर घालून. दही लागल्यावर लगेच वापरायचं. रात्री लागलेलं दही दुपारपर्यंत बाहेर राहिलं की ते पित्ताचं राहिलं नाही.
कफ: लोणी पूर्ण काढलेलं, त्यात सुंठ-मिरी-पिंपळी समभाग पूड पाव चमचा.

पेला १५० ते २०० मिलीचा, दुपारच्या जेवणाच्या शेवटी. कडक उन्हात, अंगाचा दाह होत असेल, चक्कर येत असेल, नाकातून किंवा कुठूनही रक्त जात असेल तर ताक वर्ज्य. पित्तवाल्याला ऑक्टोबरच्या उन्हात ताकाचा आग्रह करणारे नेमकं हेच विसरतात.

कढीचं: कच्चं ताक पोटातला कफ कमी करतं, पण घशात वाढवतं. म्हणून सर्दी-खोकल्यात तापवलेलं ताकच सांगितलंय. म्हणजे कढी कफवाल्याची, तीही बेसन नावापुरतं, सुंठ-कढीपत्ता सढळ. आच मंद आणि ढवळणं सतत, उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटते. पित्तवाल्याला कढी नकोच.

---

शेवगा

घुसळखांब, एक पुरवणी. दही पूर्ण बंद असंही नाही. रात्री नको, गरम करून नको आणि नुसतं नको, असा चरकाचा नियम आहे. सोबत तूप, साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांतलं काहीतरी हवं. शरद, ग्रीष्म, वसंतात टाळायचं. म्हणजे थंडीत दुपारी चार चमचे दही, वर आवळ्याची पूड, पित्तवाल्यालाही त्रास देऊ नये. आवळा आणि डाळिंब आंबट असून पित्त वाढवत नाहीत, हे आंबटाच्या सरसकट बंदीला अपवाद. तसंच सुंठ आणि पिंपळी तिखट असून बाकी तिखटासारख्या वागत नाहीत, आणि जुना तांदूळ, गहू, मूग, मध हे गोड असून कफ वाढवत नाहीत. प्रश्नावलीबरोबरच्या याद्यांत कफाला गहू बाद करतात ते म्हणूनच पटत नाही.

कढईतल्या गरम भाजीत दही घालून शिजवणं मात्र टाळाच.

---

उत्तरायण

सगळं प्रकृतीवर चाललंय, ऋतू कुणी काढलाच नाही. तिघांच्या घरात ऋतू ही एकच गोष्ट समान आहे, म्हणून पातेल्यातला बदल ऋतूप्रमाणे आणि ताटातला माणसाप्रमाणे करावा.

वर्षा (श्रावण-भाद्रपद): अग्नी वर्षातला सगळ्यात दुबळा, वात वाढलेला. जुनं धान्य, आंबट-खारट-स्निग्ध थोडं वाढवा, पाणी उकळलेलं. पालेभाजी कमी. तिघांच्याही वरणात आलं-हिंग चालेल.
शरद (आश्विन-कार्तिक): पित्ताचा. पातेल्यातूनच आंबट, तिखट, तेल कमी. कडू चवीला जागा करा: कारलं, मेथी. तूप चालतं, तेल कमी. या दोन महिन्यांत पित्तवाल्याच्या पथ्यावर बाकीच्यांनीही जेवलेलं बरं.
हेमंत-शिशिर (मार्गशीर्ष ते फाल्गुन): अग्नी जोरात. उडीद, तीळ, गूळ, बाजरी, दूध-तूप पचतं. कफवाल्यानेही भ्यायचं कारण नाही, हालचाल असेल तर.
वसंत (चैत्र-वैशाख): थंडीत साचलेला कफ पातळ होतो. जव, मूग, मध, सुंठेचं पाणी. गोड, जड, आंबट कमी. दुपारची झोप नको.
ग्रीष्म (ज्येष्ठ-आषाढ): गोड, गार, पातळ. मीठ, तिखट, आंबट हात आखडून.

महिने पंचांगातले असले तरी उन्हाळा-पाऊस मागेपुढे होतो. हवेकडे बघून बदल करा. दोन ऋतूंच्या सांध्यावर, जुन्याचे शेवटचे ७ आणि नव्याचे पहिले ७ दिवस, जुनं हळूहळू सोडायचं आणि नवं हळूहळू धरायचं.

हेच सवयींनाही. 'सोमवारपासून चहा, दही, मैदा बंद' करणाऱ्यांचं डोकं तिसऱ्या दिवशी धरतं. त्याला चरकाने पादांशिक क्रम दिलाय: चौथा हिस्सा कमी करा आणि त्या जागी हितकर वस्तूचा चौथा हिस्सा, मग मधे दिवसाचं अंतर टाकून निम्मा, पुढे दोन-तीन दिवसांचं अंतर टाकून पाऊण. कफवाल्याच्या रोजच्या चार पोळ्यांच्या जागी भाकरी आणायची तर पहिल्यांदा तीन पोळ्या आणि एक भाकरी, असं.

---

मोजपट्टी

वरचं सगळं धडधाकट माणसासाठी. काही ठिकाणी मात्र हात आवरा.

मधुमेह असेल तर खडीसाखर, गूळ, मध 'प्रकृतीला चालतो' म्हणून मोकळे होत नाहीत. रक्तात साखरच वाढते. वेळलेल्या भाताचंही तसंच, वाटी मोजूनच. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस, मेथीदाणे अचानक जास्त सुरू केले तर साखर खाली उतरू शकते. जेवण वगळायचं किंवा उपास करायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाब असेल तर ते साध्या मिठाइतकंच मोजायचं. शिवाय त्यात बहुधा आयोडिन घातलेलं नसतं. घरातलं सगळं मीठ बदलून सैंधव करू नका.

दुधी चिरताना एक फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात. कडवट दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत, आणि त्याचा प्रकृतीशी काही संबंध नाही.

'वाताला डाळी बंद' हे फार दिवस चाललं तर प्रथिनं कुठून येणार? १०० ग्रॅम मूगडाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून निदान ती तरी रोज हवी. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना कुठल्याच यादीप्रमाणे पदार्थ तोडू नका. कारणाशिवाय वजन उतरत असेल, गिळताना अडकत असेल, शौचातून रक्त जात असेल, शौच काळी होत असेल तर ते पित्त नव्हे, तपासणी करून घ्या.

---

खलबत्ता

नोंद घेतली. शेवटचे दोन. शिकरण विरुद्धाहारात (एकत्र खाऊ नयेत अशा पदार्थांत) येते का? आणि रात्रीचं जेवण ९ च्या आत होतच नाही, त्याचं काय?

---

कांडण

रात्रीचं आधी. वेळ हलवता येत नसेल तर ताटातला जडपणा दुपारकडे सरकवा. उसळ, उडीद, तळण, गोडधोड, भाताचा मोठा भाग दुपारी. रात्री वरण, भाकरी किंवा थोडा वेळलेला भात आणि शिजलेली भाजी. दही, कोशिंबीर, फळं नाहीत. जड पदार्थ अर्ध्या भुकेचा, हलकाही पोट तुडुंब होईल इतका नको, हे माप वाग्भट या जुन्या ग्रंथकाराचं. पोटाचे चार भाग धरायचे: दोन अन्नाला, एक पातळाला, एक रिकामा. सहा वाजता भूक लागत असेल तर तेव्हा काहीतरी खाऊन घ्या, साळीच्या लाह्या, मुगाचं कढण, नुसती पेज. पित्तवाल्याला तर नऊपर्यंत ताणूच नका. त्याची रात्रीची जळजळ तिखटामुळे असते असं समजतात, निम्म्या वेळा ती लांबलेल्या भुकेमुळे असते.

पाणी जेवताना मधे मधे घोट घोट. जेवणावर तांब्याभर ओतलं की वजन वाढतं, असं ग्रंथात आहे, आणि जेवणाआधी ओतलं की भूक मरते. तूप जास्त झालं असेल तर त्यावर गरम पाणी, गार नव्हे.

---

घुसळखांब

शिकरणीबद्दल. दूध आणि आंबट फळं एकत्र नकोत, यावर वाद नाही. केळं ताका-दह्याबरोबर नको, हे वाग्भटाने वेगळं सांगितलंय. दूध-मासे हे तर सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण. शिकरण त्याच घरातली, तेव्हा सर्दी, खाज, त्वचेचा विकार असेल तर बंदच. पण त्याच प्रकरणात सवलतही आहे: अंगवळणी पडलेलं, थोडं, तरुण आणि अग्नी चांगला असलेल्या, व्यायाम करणाऱ्या माणसाला विरुद्ध अन्न बाधत नाही. तीन जणांच्या त्या घरात कफ-वाताचा माणूस सोडून बाकी दोघांना महिन्यातून एखाद्या दुपारी वाटीभर शिकरणीने काही होणार नाही. रोज रात्री झोपताना 'ताकदीसाठी' पेलाभर मिल्कशेक, हे मात्र तिघांनाही नको.

मध-तुपाचं एक जाता जाता, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. समभाग वर्ज्य, तो वजनाने. चमचाभर मध चमचाभर तुपापेक्षा बराच जड भरतो, तेव्हा चमचे सारखे असले की वजन सारखं नसतं. एक स्पष्ट जास्त, एक स्पष्ट कमी ठेवा. आणि मध गरम दुधात किंवा उकळत्या पाण्यात घालू नका. पाणी पिण्याजोगं कोमट झालं की मग घाला.